उघड्या दारावरची टकटक

बंद दारावर सगळेच टकटक करतात. उघड्या दारावर टकटक करून उंबऱ्याबाहेर थांबणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि सुरुवातीची काही वर्षं त्या माणसानं मला अगदी वैताग आणला होता.

आमच्या शाळेच्या स्टाफरूमला दारच नव्हतं. नुसती चौकट होती. फळ्या कधीतरी दुरुस्तीला म्हणून काढल्या होत्या, त्या परत आल्याच नाहीत. तरीही प्रमिला रामटेके, म्हणजे आमच्या काउन्सेलर मॅडम, त्या चौकटीवर बोटाच्या पेरानं वाजवायच्या आणि म्हणायच्या, "येऊ का?" आत आम्ही मास्तर मंडळी डबे उघडून बसलेलो, तोंडात घास. कोणीतरी हातानं खूण करेपर्यंत बाई बाहेर. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, स्टाफरूम तुमचीपण आहे. काहून रोज हे नाटक करता?"

"खोली माझी आहे सर," त्या म्हणाल्या. "जेवण तर तुमचं आहे ना."

मी गणिताचा मास्तर. उत्तर बरोबर असलं की मार्क द्यावेच लागतात. मी डब्यातलं लोणचं त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते घेतलं, खुर्चीत बसल्या, चपला काढून पाय लांब केले आणि म्हणाल्या, "थकली बाप्पा मी."

हे वाक्य त्या दिवसातून कितीदा म्हणायच्या याला गणती नव्हती. सकाळी प्रार्थनेच्या वेळीच त्या थकलेल्या असायच्या. ठेंगण्या, अंगानं जाड, सुती साडी गुडघ्यापाशी चुरगळलेली, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांखाली काळं. नव्या मास्तरांना वाटायचं बाई आजारी आहेत. जुन्यांना ठाऊक होतं की "थकली बाप्पा" म्हणून झालं की पुढचा शब्द "चलो" असतो, आणि त्या उठून कामाला लागतात.

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथे, जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात कामाला आले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि ही माणसं इकडे राहिली. माझ्या वडिलांचंही तेच, फक्त ते रेल्वेत होते. त्यामुळे आम्हा दोघांची मराठी एकाच जातीची, घरात वाढलेली आणि बाहेर हिंदीत बुडालेली. शाळेत आम्ही दोघंच मराठी. मराठीत बोललो की बाकीचे विचारायचे, "हमारी बुराई हो रही है क्या?" बहुतेक वेळा तीच चाललेली असायची, आणि करणारा मी असायचो.

बाई मुळात काउन्सेलर नव्हत्या. त्या शिवणाच्या बाई होत्या. मुलींना तुरपाई, काजं, बटणं शिकवायच्या, आणि दरवर्षी जूनमध्ये गणवेशासाठी मापं घ्यायच्या. त्यांचं सगळं पुढचं आयुष्य त्या मापाच्या टेपमधून निघालं असं म्हटलं तरी चालेल. एका वर्षी रांगेतल्या एका मुलीच्या पाठीमागून त्यांनी टेप फिरवली आणि ती मुलगी लाकडासारखी ताठ झाली. ओरडली नाही, रडली नाही. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत ती नव्हतीच. बाई मला म्हणाल्या होत्या, "सर, मी हजारदा टेप लावली असंन पोरींना. कधी विचारलं नाही. कपड्याला काय विचारते माणूस? तशी मी लावून राहिली होती."

दुसऱ्या दिवसापासून त्या समोर उभं राहून, टेप हातात धरून विचारू लागल्या, "माप घेऊ का? का तूच धरतेस?" रांग दुप्पट वेळ चालायची. प्रिन्सिपल साहेब कुरकुरायचे. काही मुली स्वतःच टेप धरायच्या आणि मापं चुकवायच्या, त्यामुळे त्या वर्षी निम्म्या शाळेचे कुर्ते ढगळ झाले. मग बाईंनी सुट्ट्यांमध्ये भोपाळला, नागपूरला जाऊन एकेक अभ्यासक्रम केला. घाबरलेलं मूल कसं शिकतं, कसं शिकत नाही, त्याच्याशी कसं बोलायचं, आणि ‘नाही’ म्हणायला कसं शिकवायचं. परत आल्यावर शाळेनं त्यांना काउन्सेलर केलं. पगार तोच राहिला, आणि शिवणाचा तासही त्यांच्याच गळ्यात राहिला.

त्यांचा पहिला तास मी पाहिला तो सहावीच्या माझ्याच वर्गावर. बाई दारात उभ्या राहिल्या.

"मैं अंदर आऊँ?"

"यस मॅडम," अख्खा वर्ग एका सुरात.

"ऐसे नहीं. आज ना कहना है. मैं अंदर आऊँ?"

वर्ग गप्प. मॅडमना नाही कसं म्हणायचं? मागच्या बाकावरून कोणी खुदखुदलं. बाईंनी पुन्हा विचारलं. शेवटी खिडकीपाशी बसणारी एक मुलगी, जी वर्षभर हजेरीपलीकडे काही बोलली नव्हती, ती खाली बघत म्हणाली, "नहीं."

"ठीक है," म्हणून बाई व्हरांड्यात गेल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पूर्ण तासभर. आधी मुलं हसली, मग चुळबुळली, मग दाराकडे वाकून वाकून पाहू लागली की खरंच उभ्या आहेत का. तेवढ्यात प्रिन्सिपल साहेबांची फेरी आली. "मॅडम, आप बाहर?"

"परमिशन नहीं मिली सर," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या खिडकीपाशीच्या मुलीचा चेहरा मात्र मला आजही दिसतो. तिच्या एका शब्दानं एक मोठी बाई बाहेर उभी राहिली होती आणि कोणी तिला रागावलं नव्हतं. बाईंचं म्हणणं असं, की ‘नाही’ म्हणा असं सांगून मूल शिकत नाही. त्याचं ‘नाही’ कोणीतरी एकदा ऐकावं लागतं. हे खरं असावं, कारण त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या पोरांनी मला गृहपाठाला ‘नाही’ म्हणून पाहिलं. मी जाऊन बाईंशी भांडलो. त्या हसून हसून खोकल्या.

पाण्याच्या टाकीशेजारची एक अडगळीची खोली त्यांना मिळाली होती. तिथे दोन खुर्च्या. दाराजवळची मुलाची, आतल्या कोपऱ्यातली बाईंची. मुलाला वाटेल तेव्हा उठून जाता आलं पाहिजे, वाट अडवून आपण बसायचं नाही. आणि बाईंच्या हातात कायम एखादं शिवणाचं काम. फॉल लाव, हुक लाव. "पोराच्या तोंडाकडे पाहत बसलं की ते बोलत नाही सर. आपण सुईकडे पाहायचं. मग ते पाहते आपल्याकडे." शाळेतल्या किती मास्तरणींच्या साड्यांना त्या खोलीत फुकट फॉल लागले असतील, सांगता येत नाही. त्यातल्याच काही जणी पाठीमागे म्हणायच्या की मॅडम मुलांना शेफारून ठेवतात.

मलाही त्या कधी उपदेश करायला आल्या नाहीत. एकदाच मधल्या सुट्टीत, विचारून, माझ्या शेजारी बसल्या आणि एका मुलाचं नाव घेऊन म्हणाल्या, "त्याच्या वर्गावर डस्टर आपटू नका सर."

"का? काय झालं त्याला?"

"ते मला थोडं माहीत आहे. तुम्हाला माहीत असायची काही गरज नाही. डस्टर हळू ठेवलं की झालं."

मला राग आला. माझा विद्यार्थी, आणि मलाच सांगत नाहीत! पण डस्टर हळू ठेवू लागलो. त्या मुलाचं गणित सुधारलं वगैरे काही नाही. तो शेवटपर्यंत पास होण्यापुरतेच मार्क मिळवत राहिला. पण फळ्याकडे तोंड करून बसू लागला, आधी तो दाराकडे तोंड करून बसायचा.

शाळेबाहेरही त्यांना मागणी होती. पाटण, मझौली, कुठल्या कुठल्या गावच्या शाळांतून बोलावणं यायचं, शिक्षकांना दोन शब्द सांगा म्हणून. येण्याजाण्याचं भाडंही पुष्कळदा मिळायचं नाही. तरी त्या जायच्या. शनिवारी शाळा सुटली की बसमध्ये, रविवारी परत. एकदा मझौलीला मी सोबत होतो. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून त्या झोपल्या, पाय सुजून चपलेबाहेर आलेले, आणि झोपेतसुद्धा पिशवी छातीशी धरलेली. उठल्यावर मी म्हणालो, "बाई, साऱ्या दुनियेच्या पोरांना ‘नाही’ म्हणायला शिकवता. एकदा तुम्ही म्हणून पाहा."

"मला कुठं जमते," त्या म्हणाल्या. खरंच जमत नव्हतं. मुलांकडे काही मागायचं तर त्या दहादा विचारायच्या. स्वतःकडे कोणी मागितलं की पहिल्याच शब्दाला "हो, येते." भावाच्या घरचं दुखणं, शेजारणीचं बँकेतलं काम, वस्तीतल्या मंडळाचा हिशेब, सगळ्याला हो. फक्त लग्नाच्या बाबतीत त्यांनी एकदा जमवलं होतं. का केलं नाही म्हणून विचारलं की सांगायच्या, "पाहायला आले, पसंत केलं, तारीख काढली. मला विचारायचं राहून गेलं. मग मी तारखेला मामाकडे निघून गेली." हे सांगताना त्या पोट धरून हसायच्या. पुढचा प्रश्न विचारायची कोणाची हिंमत व्हायची नाही.

आता नीलमबद्दल लिहायला हवं.

लिहायच्या आधी मी तिच्याकडे गेलो होतो. ती आता एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. काउंटरवर भिंगं पुसता पुसता तिनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "लिखिए सर. मेरे साथ क्या हुआ वो मत लिखना. बाकी सब लिखो." नाव? थोडा विचार करून म्हणाली, "नीलम रख दो. बचपन में मुझे ये नाम बहुत अच्छा लगता था." म्हणून नीलम. घरातल्याच एका मोठ्या माणसानं तिचा विश्वास मोडला होता, एवढंच मी लिहितो. याहून जास्त मलाही ठाऊक नाही.

नीलम बाईंच्याच वस्तीतली. तिचे वडीलही कारखान्यात. रविवारी सकाळी वस्तीतल्या बुद्ध विहारात वंदना व्हायची तेव्हा पहिली ओळ तीच म्हणायची, मोठ्या माणसांच्याही पुढे, न चुकता, खणखणीत आवाजात. बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायचं. आठवीत असताना तिनं एका रविवारी ते सोडून दिलं. घसा बसला म्हणाली. घसा बसलेलाच राहिला.

मग ती त्या अडगळीच्या खोलीत येऊ लागली. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, घंटा झाली की जायची. बाई फॉल लावत राहायच्या. असं बरेच दिवस चाललं. ज्या दिवशी ती बोलली त्या दिवशी बाई स्टाफरूमकडे आल्याच नाहीत. अलीकडे नीलमनंच मला एवढं सांगितलं, की बाईंनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, "पोलिसांना सांगावं लागते, कायदा आहे. हे मी तुला विचारून राहिली नाही, सांगून राहिली. पण सोबत कोण येईन, आईला कोण सांगन, ते तू ठरव." आणि दुसरी, "पोलिसांशिवाय आणि तुझ्या आईशिवाय मी कोणालाच सांगणार नाही. तुझी गोष्ट तुझी."

पुढचं सगळं त्यांनी नीलमला विचारत विचारत केलं. कुठल्या दिवशी जायचं, कोणत्या महिला पोलिसाशी बोलायचं, मधे थांबायचं का. तो माणूस घरातून गेला. आई आधी कोसळली, मग उभी राहिली. वस्तीत कोणाला कळलं नाही. नीलम हळूहळू पुन्हा शाळेत हसताना दिसायला लागली. बाईंच्या चेहऱ्यावर इतका थकवा मी आधी कधी पाहिला नव्हता, आणि इतकं समाधानही.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली.

विहाराच्या सभागृहात मंडळाची बैठक होती. आईबापांसाठी एक वर्ग घ्यायला मंडळानं परवानगी द्यावी, एवढंच बाईंना हवं होतं. पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन मी गेलो होतो. बाई त्याच दुपारी पाटणहून परतल्या होत्या, साडीवर प्रवासाची धूळ तशीच. त्यांचं बोलणं झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष, कारखान्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, म्हणाले, "ताई, तुमचं काम चांगलं आहे. पण हे सारं बाहेरच्या लोकांत होते. आपल्या समाजात असलं काही नाही. काहून उगाच पोराबाळांच्या डोक्यात भरता?"

लोकांनी माना हलवल्या. बाईंनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "होते काकाजी. आपल्यातच होते. मी सांगते."

त्यांनी सांगितलं ते या कामातली सगळी माणसं जसं सांगतात तसंच. नाव बदललं, गाव बदललं, बापाची नोकरी बदलली. प्रशिक्षणात असंच शिकवतात, आणि भोपाळच्या सभागृहात ते पुरतंही. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, "अशी पोरगी, की तिच्या आवाजाच्या मागं सारे म्हणायचे. आणि एक दिवस तिचा आवाजच गेला."

जबलपूरच्या आमच्या मराठी माणसांत नाव बदलून काय होणार? इथे कोणाची मावशी कुठे दिली आहे ते सगळ्यांना पाठ असतं. मी त्या वस्तीतला नव्हतो, मला काही कळलं नाही. पण बायकांच्या रांगेत दोन डोकी एकमेकींकडे वळली, मग आणखी दोन. मधून एक बाई उठली, पदर सावरला आणि कोणाकडे न बघता बाहेर गेली. ती नीलमची आई होती. बाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. अध्यक्ष खाली बघत म्हणाले, "ठीक आहे ताई. घ्या वर्ग."

परवानगी मिळाली. बाहेर पडल्यावर बाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. मी म्हणालो, "तुम्ही नाव तर घेतलं नव्हतं."

"नाव न घेता घर दाखवलं मी सर."

दुसऱ्या दिवसापासून नीलमच्या घरी बायका येऊ लागल्या. वाईट मनानं नव्हे. सफरचंदं घेऊन, केळी घेऊन, सांत्वनाला. जवळ बसून तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "रडू नको बाळ, आम्हाला सारं माहीत आहे." ज्या मुलीनं एकेका माणसाला निवडून आपली गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे तीच गोष्ट आता गल्लीभरातून परत येत होती. तिनं शाळा सोडली आणि दुसऱ्या शाळेत नाव घातलं.

बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा मला सोबत नेलं, पण गल्लीच्या तोंडाशीच उभं केलं. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. दार उघडं होतं. बाईंनी चौकटीवर वाजवलं. "नीलम, येऊ का?"

आतून आवाज आला, "नाही."

खाली बघत म्हटलेलं नव्हतं ते. मोठ्यानं, स्पष्ट, वाक्याला पुढे मागे काही न जोडता. बाईंनी शिकवलं होतं तसंच. तिची आई दारापर्यंत आली, "अहो या दीदी, पोरगी आहे, तिचं काय ऐकता," म्हणाली. बाई म्हणाल्या, "नाही वहिनी. तिनं नाही म्हटलं." आणि वळल्या. गल्लीभर त्या माझ्या पुढे चालत होत्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, आणि मी पुढे जाऊन पाहिलाही नाही.

मला वाटलं होतं महिन्याभरात मिटेल. मुलं विसरतात. मी दिवाळीला म्हणालो, "पुन्हा एकदा जाऊन पाहा." त्या म्हणाल्या, "एकदा विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं तर ते विचारणं राहत नाही सर, मागं लागणं होते. माझ्यासाठी तिनं दार उघडावं, हे मला पाहिजे आहे. तिला काय पाहिजे ते तिनं सांगितलं ना." मी वर्षभरानं पुन्हा छेडलं. तेच उत्तर. मग मी विषय काढणं सोडलं. नीलमचं घर त्यांच्या रोजच्या रस्त्यावर होतं. त्या तिथून जायच्या, मान वळवायच्या नाहीत, पावलंही हळू करायच्या नाहीत. पण त्या रस्त्यानं जाणं त्यांनी सोडलं नाही. कधी तिला वाटलंच थांबवावं, तर आपण दिसलो पाहिजे, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. सगळ्या वस्तीला त्यांनी एव्हाना माफ केलं होतं, वस्तीनंही त्यांना. त्यांना हवी होती ती एकच मुलगी, आणि तिच्या दारावर वाजवायचा हक्क त्या गमावून बसल्या होत्या. माणूस इतकी वाट बघत राहतो आणि रोज कामावर जातो, हे मला फार जड वाटायचं.

त्या बैठकीनंतर त्यांनी कुठल्याही प्रशिक्षणात मुलांची गोष्ट सांगितली नाही. कोणाचीच नाही, नाव बदलूनही नाही. पाटणच्या एका शिबिरात जेवणानंतर शिक्षक पेंगत होते. तिथले अधिकारी म्हणाले, "मॅडम, कोई केस सुनाइए ना. लोग थोड़ा हिल जाएँ." बाई म्हणाल्या, "वो उनकी है साहब, मेरी नहीं." मग त्यांनी खुर्च्या कशा ठेवायच्या, डस्टर कसं ठेवायचं, रडणाऱ्या मुलाला जवळ घेण्याआधी काय विचारायचं, हेच सांगितलं. कोणी हललं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला बोलावलं, ज्यांच्या भाषणात सगळे रडतात म्हणे. बाईंना वाईट वाटलं. "थकली बाप्पा मी," म्हणाल्या. त्या दिवशी त्याच्यापुढे "चलो" आलं नाही.

निवृत्तीनंतर त्या विजय नगरला भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. वर्षं जात राहिली. मग हृदयाचं दुखणं लागलं, पायांना सूज, चार पायऱ्या चढल्या की दम. हवा लागावी म्हणून दिवसभर दार उघडं. मी आठवड्यातून एखादी चक्कर टाकायचो. गेलो की चौकटीवर वाजवायचो. सवय मलाही लागली होती. त्यांच्याकडे अजूनही माणसं काम घेऊन यायची. कोणाची पोरगी घरी बोलत नाही, कोणाच्या शाळेत दोन शब्द. उशीला टेकून, धापा टाकत त्या सगळ्यांना हो म्हणायच्या.

त्या दुपारी मी त्यांच्यासाठी संत्रं सोलत बसलो होतो. दारावर वाजलं. बोटाच्या पेरानं, अगदी त्यांच्यासारखं. उंबऱ्याबाहेर एक तरुण बाई, हातात हेल्मेट. मला ओळखायला वेळ लागला. बाईंना लागला नाही.

"येऊ का, दीदी?" नीलम म्हणाली. मराठीत म्हणाली, थोडं अडखळत.

माझा हात संत्र्यावर थांबला. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उंबऱ्यापाशी उभं होतं, आणि मी मनात म्हणत होतो, म्हणा ना हो.

"आज नको," बाई म्हणाल्या.

मी उठायच्या बेतात होतो. ही बाई साऱ्या जगाला हो म्हणत आली, आणि नाही म्हणायला तिला हाच दिवस सापडला! पण नीलमचा चेहरा पडला नाही. तिनं बाईंकडे नीट पाहिलं, सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अच्छा. कल पूछूँ?"

"विचार," बाई म्हणाल्या.

ती जिना उतरून गेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "बाई, हे काय केलं तुम्ही?"

"आज मी खरंच थकली सर. एक शब्द बोलायचा दम नाही." त्यांनी डोळे मिटले. "तिला हो म्हणावंच लागते म्हणून हो नव्हतं म्हणायचं मला. बाकी साऱ्यांना तसंच म्हणत आली." थोड्या वेळानं डोळे न उघडता म्हणाल्या, "पाहिलं ना तुम्ही? रागावली नाही ती." त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मी संत्र्याच्या फोडी सोलून त्यांच्यापुढे ठेवत गेलो. त्यांनी सगळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. संध्याकाळी मी परत गेलो. जिन्याच्या वळणावरूनच आतले आवाज ऐकू आले. दार नेहमीसारखं उघडं. बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, पांढरे केस मोकळे, आणि पलंगावर त्यांच्यामागे बसून नीलम त्यांची वेणी घालत होती. घालता घालता ती काहीतरी बोलत होती, हळू आवाजात, बरंच काही. बाई ऐकत होत्या. मांडीवर कुठलं तरी ब्लाउज होतं आणि बोटांत सुई, पण सुई हलत नव्हती.

मी चौकटीवर वाजवलं. "येऊ का?"

बाईंनी मान वळवली नाही. केस नीलमच्या हातात होते.

"आत्ता नको, सर," त्या म्हणाल्या.

मी "अच्छा" म्हटलं आणि जिना उतरलो. त्यांचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.